फड फिरता, गैरसमज मुक्कामी

चैत्र लागला की पुणे, नगर, नाशिक, सातारा, सांगली या पट्ट्यातल्या गावजत्रांना तोंड फुटतं. जत्रेच्या फ्लेक्सवर ग्रामदैवताच्या खालोखाल मोठ्या अक्षरांत नाव असतं ते तमाशा फडाचं. देवाची पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्रीचा तमाशा यांच्याशिवाय जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. एवढं असूनही तमाशावर ठाम मतं मांडणाऱ्या बहुतेकांनी तो रात्रभर बसून पाहिलेला नसतो. सिनेमा पाहिलेला असतो, मोबाइलवर दोन मिनिटांची लावणी पाहिलेली असते, तेवढ्यावर मत पक्कं होतं.

यातले काही गैरसमज बदनामीचे आहेत, काही कौतुकाचे. चुकीचे मात्र दोन्ही. तमाशाचा फड फिरता असतो आणि हंगामावर जगतो, एवढं ध्यानात धरलं तर त्यातले पुष्कळसे सुटतात.

गैरसमज १: तमाशा म्हणजे लावणी आणि बायांचा नाच.

वस्तुस्थिती: लावणी हा तमाशाचा एक भाग आहे. पूर्ण तमाशाची मांडणी ठरलेली असते. आधी ढोलकी आणि हलगी एकमेकींशी भिडतात. ढोलकीवाला एक तोड टाकतो, हलगीवाला ती तशीच परत करतो आणि वर स्वतःची एक जोडतो. त्यावर मंजिरी आणि तुणतुणं. माणसं अजून जागा धरत असतात, पोरं पुढे सरकत असतात, तोवर या कडकडाटाने मंडप जागेवर येतो. मग गण, म्हणजे गणेशवंदना. शाहीर ओळ उचलतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी’ची झील ओढतात.

गणानंतर गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवून दाण मागणारा कृष्ण, त्याचा बोबडा-वाकडा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची म्होरकी मावशी. मावशी बहुधा पुरुषच करतो आणि हशा सगळ्यात जास्त तोच वसूल करतो. गावच्या सरपंचापासून देशाच्या पंतप्रधानांपर्यंत कुणाचीही उडवायची मुभा इथे असते. पुढे बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मग रंगबाजी, म्हणजे लावण्या आणि फर्माइशी, आणि शेवटी वग. वग म्हणजे कथानक असलेलं नाटक. जाणता प्रेक्षक त्याच्यासाठीच थांबतो.

घोटाळा होतो तो दोन प्रकार एकच समजल्याने. ढोलकी फडाचा तमाशा हा फिरता, वगासकटचा. संगीत बारी वेगळी. तिच्यात पेटी, तबला, ढोलकी आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांचा छोटा संच असतो, वग नसतो, आणि ती बरीचशी ठरावीक थिएटरांत चालते. चौफुला, मोडनिंब, जामखेड ही त्यांतली नावाजलेली ठिकाणं. १९९३ पासून अकलूजला भरलेल्या लावणी स्पर्धेने या बाऱ्यांना मोठं व्यासपीठ दिलं. शहरातल्या माणसाला ‘तमाशा’ म्हणून जे आठवतं ते पुष्कळदा बारीचं असतं. बारीची कला कमी प्रतीची नाही. पण ती पाहून फडाबद्दल निकाल देता येत नाही.

गैरसमज २: तमाशा पेशवाईच्या विलासातून जन्मला आणि तिच्याबरोबरच त्याचं वैभव संपलं.

वस्तुस्थिती: उत्तर पेशवाईत शाहिरांना आश्रय मिळाला, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात लावणी बहरली, हे खरं. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ ही नावं त्याच काळातली. पण त्यांना निव्वळ दरबारी म्हणणं बरोबर नाही. लावणी नुसती शृंगाराचीही नव्हती. अध्यात्माची लावणी होती, कूटाची होती. कलगी आणि तुरा अशा दोन पक्षांचे शाहीर सवाल-जवाबात रात्र काढत. एकाने कोडं घालायचं, दुसऱ्याने पुराणांचा धांडोळा घेऊन ते सोडवायचं. सोलापूरचे राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळले, हेही त्याच परंपरेतलं. गोंधळ, जागरण, भारूड, कीर्तन यांचे धागे तर गण-गवळणीत आजही दिसतात.

शिवाय आज ज्याला आपण तमाशाचा कणा म्हणतो तो वग पेशवाई बुडाल्यानंतरचा. पेशवाई गेली १८१८ मध्ये. पहिला वग मानला जातो तो सावळजच्या उमा-बाबूंचा ‘मोहना बटाव’, त्याचं साल १८६५. म्हणजे मधे जवळजवळ अर्धशतक गेलं. राजाश्रय गेला तशी फडाला वाट धरावी लागली. दरबारात चार रसिक लावणीवर खूश होत असतील, पण जत्रेतल्या शेकडो माणसांना पहाटेपर्यंत बसवून ठेवायचं तर गोष्ट हवी. वग त्या गरजेतून वाढला. तेव्हा तमाशाचं आजचं रूप घडवण्यात वाड्यापेक्षा गावच्या जत्रेचा हात मोठा आहे.

गैरसमज ३: तमाशात पहिल्यापासून स्त्रिया नाचत आल्या.

वस्तुस्थिती: दीर्घकाळ फडात स्त्री नव्हतीच. लुगडं नेसून, घुंगरू बांधून नाचायचा तो ‘नाच्या पोऱ्या’. स्त्रियांची गाणी-बैठक स्वतंत्र चाले. गावोगाव हिंडणाऱ्या ढोलकी फडात त्यांचा प्रवेश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे आणि त्यानंतरचा. विदर्भातल्या खडी गंमतीत तर स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची रीत पुढेही टिकून राहिली.

फडात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंतांत सगळ्यात गाजलेलं नाव पवळाचं. ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. तिची जोडी जमली पठ्ठे बापूरावांशी. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, जन्म १८६६. घर आणि जात दोन्हींचा रोष पत्करून ते फडात आले. बापूरावांची कवनं आणि पवळाचा गळा यांनी मुंबईतला गिरणगाव वेडा केला. कामासाठी मुंबईत आलेला घाटावरचा माणूस हा फडांचा मोठा प्रेक्षक होता. जत्रेला गावी जाता आलं नाही तर जत्रा त्याच्याकडे येई. या जोडीची ताटातूट झाली, बापूरावांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि १९४५ मध्ये ते वारले. पण त्यांच्यानंतर स्त्रीशिवाय फड ही कल्पनाच उरली नाही.

गैरसमज ४: तमाशा एका जातीचा खेळ, आणि त्यात विचार कुठला?

वस्तुस्थिती: फड उभा केला, जगवला आणि सर्वांत जास्त सोसलं ते महार, मांग, कोल्हाटी या समाजांतल्या कलावंतांनी, याबद्दल दुमत नाही. तरी शाहिरांची यादी काढली तर तिच्यात राम जोशी आणि प्रभाकर ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा माणूस जिथे एका कनातीखाली बसे अशा थोड्या जागांपैकी तमाशा एक होता. म्हणून जात गळून पडली असं मात्र नव्हे. रात्री ज्याच्या गाण्याला शिट्ट्या पडत, त्याला सकाळी पाणी वरूनच वाढलं जाई.

या ओझ्याची जाणीव असलेल्यांनीच तमाशाचा साचा उचलून त्यात दुसरा माल भरला. सत्यशोधक जलसे निघाले ते असे. गण होता, पण भट-सावकाराचे डाव उघडे पाडणारे संवाद होते. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी १९३० च्या दशकात हाच साचा अस्पृश्यताविरोधी लढ्यासाठी वापरला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊंनी गणातलं वंदन गणपतीऐवजी भूमीला आणि हुतात्म्यांना वाहिलं, शृंगारी गवळण काढून टाकली आणि वगात सावकार-कामगार आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभांना गर्दी जमवायला या मंडळींच्या डफाचा किती उपयोग झाला, ते त्या पिढीला ठाऊक आहे. ज्या साच्यात इतके विचार मावले, त्याला बिनविचाराचा म्हणता येत नाही.

गैरसमज ५: लोककला म्हणून सरकारने तमाशाला कायम सांभाळलं.

वस्तुस्थिती: स्वराज्य मिळाल्यावर तमाशाच्या वाट्याला आधी बंदी आली. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना अश्लीलतेच्या कारणाने तमाशा बंद झाला. फडांवर पोट असलेली हजारो माणसं एकदम उघड्यावर पडली. कलावंतांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधार समिती नेमली गेली आणि अटी घालून परवानगी मिळाली: संहिता आधी तपासून घ्यायची, मगच प्रयोग.

संहितेची ही अट फडाला कशी अडचणीची होती, हे फड पाहिल्याशिवाय उमगत नाही. वगाचं कथानक ठरलेलं असलं तरी संवाद बरेचसे हजरजबाबीपणावर चालतात. आज गेवराईत जे बोललं गेलं ते उद्या जुन्नरला तसंच राहील याची खात्री सोंगाड्या स्वतःही देऊ शकत नाही. कागदावर चिकटवलेलं बोलायचं तर निम्मी गंमत जाते. ‘गाढवाचं लग्न’ हा हरिभाऊ वडगावकरांचा वग दादू इंदुरीकरांनी गाजवला तो त्यांच्या बोलीतल्या उत्स्फूर्त कोट्यांनी. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला तो हुबेहूब दिसणाऱ्या दोन हवालदारांच्या घोळासाठी. सेन्सॉरच्या शिक्क्यातून हे सगळं टिकून राहिलं ते कलावंतांच्या हिकमतीमुळे. पुढे पुरस्कार, अनुदान, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य पुरस्कार हेही आलं. पण क्रम उलटा लक्षात ठेवायला नको.

गैरसमज ६: फडात पुरुष मालक आणि बाई नाचणारी.

वस्तुस्थिती: सिनेमाने हा साचा घट्ट केला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा. दोन्ही गाजले, आणि पाटील, मास्तर व नाचीण या त्रिकोणापलीकडे फडात माणसं असतात याचा प्रेक्षकाला विसर पडला.

प्रत्यक्षात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी स्वतःच्या नावाचा फड चालवला. जन्म १९३५, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचाच मुळात फड होता. १९५७ आणि १९९० मध्ये विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या तशा कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहू लागल्या, ही हकिगत तमाशाच्या पट्ट्यात घरोघर सांगितली जाते. ऐकणारे तिचं कौतुक करतात. बोलावलेला खेळ मोडला तर ठरलेले पैसे बुडतात आणि फडातल्या सगळ्यांची चूल विझते, हा त्यातला दुसरा अर्थही तितकाच खरा.

कांताबाई सातारकरांचं उदाहरण तर साचा पुरताच मोडतं. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या उभ्या राहिल्या. १९६४ मध्ये तुकाराम गेल्यावर त्यांनी पुढे मुलं मोठी करत स्वतःचा फड उभारला. त्या वगात पुरुषभूमिकाही करत. त्यांनी उभे केलेले शिवाजी महाराज आणि संभाजीराजे पाहिलेले प्रेक्षक आजही भेटतात. जिथे एके काळी पुरुष लुगडं नेसत होते, त्याच रंगमंचावर एका बाईने जिरेटोप चढवला. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने त्यांचं निधन झालं.

गैरसमज ७: तमाशा दौलतजादावर, म्हणजे प्रेक्षकांनी उधळलेल्या पैशांवर चालतो, हिशोब कसला?

वस्तुस्थिती: फड हा कडक हिशोबाचा धंदा आहे. फडांचे ढोबळ दोन प्रकार. तंबूवाले फड दसऱ्याला बाहेर पडतात, स्वतःची कनात लावतात, तिकीट लावून खेळ करतात आणि उन्हाळ्यापर्यंत फिरत राहतात. हंगामी फड उभे राहतात ते मुख्यतः पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या जत्रांसाठी. जत्रेत तिकीट नसतं. गाव वर्गणी काढतं आणि फडाला ठरीव रक्कम देतं. हीच सुपारी.

सुपारीची पेठ म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात. आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या, फडाच्या नावाचा बोर्ड, कलावंतांचे फोटो, आणि तारखांची वही. गावचे कारभारी पाच-सहा जण येतात, चहा होतो, तिथी सांगितली जाते आणि घासाघीस सुरू. दर फडाच्या नावावर ठरतो तितकाच तिथीवरही ठरतो. चैत्री पौर्णिमेला किंवा कालाष्टमीला एकाच दिवशी अनेक गावांच्या जत्रा येतात, फड मोजकेच. त्या तारखांचा भाव चढतो. आडदिवसाची जत्रा असलेलं गाव तोच फड कमी पैशांत नेतं. दक्षिणेकडच्या गावांसाठी असाच बाजार विट्याला भरतो.

पैसा आला की गेलाच म्हणा. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं: कलावंत, वादक, वायरमन, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे, आचारी. त्यांना हंगामापूर्वीच उचल द्यावी लागते, कारण पावसाळ्याचे चार महिने कमाई नसते. मालक ती उचल बहुतेक वेळा सावकाराकडून व्याजाने उभी करतो. एक अवकाळी पाऊस, एक दुष्काळ, कांद्याचा एक पडलेला भाव, आणि गावची वर्गणी आटते. व्याज मात्र आटत नाही.

रात्रीच्या खेळाने काम संपतं असंही नाही. पुष्कळ गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ असते. रात्रभर नाचलेली मंडळी तोंडावर पाणी मारून पुन्हा उभी राहतात, तास-दोन तास गाणी होतात, मग दुपारी लोक कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळतात आणि फडाचे ट्रक पुढच्या गावाची वाट धरतात. कलावंताची झोप होते ती त्या ट्रकमध्ये, पेट्या आणि कनातींच्या मधल्या जागेत.

गैरसमज ८: टीव्ही-मोबाइलने तमाशा मारला. आता तो संपलाच.

वस्तुस्थिती: संपलेला नाही. राहुट्या अजून लागतात, सुपाऱ्या अजून फुटतात. फड कमी झाले, हे खरं. पण त्याची कारणं नुसती पडद्यावर ढकलून भागणार नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदी नेमकी चैत्र-वैशाखात पडली. ज्या दोन महिन्यांवर वर्ष तरतं तेच ओळीने दोन वर्षं हातचे गेले. उचल दिलेली, व्याज चढलेलं, कनाती गुंडाळलेल्या. दुसरी स्पर्धा ऑर्केस्ट्राची आणि लावणी-शोची. त्यांना शंभर माणसं लागत नाहीत, दोन गाड्यांत संच मावतो, आणि तरुण मंडळाला हवी ती हिट गाणी मिळतात.

तिसरं कारण फारसं बोललं जात नाही. ते घड्याळाचं आहे. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गावच्या म्हाताऱ्यांना आणि परीक्षेच्या पोरांना झोप मिळाली पाहिजे, नियम गैर नाही. पण तमाशाची सगळी बांधणी रात्रभराच्या हिशोबाने झालेली. जेवणंखाणं उरकून लोक नवाला बसायला येणार, गण-गवळण होईस्तोवर साडेदहा, रंगबाजी संपता संपता मध्यरात्र, आणि वग त्याच्याही पुढे. वेळ कापायची म्हटल्यावर कात्री शेवटाला लागते. वग गळतो किंवा अर्ध्या तासाचा होतो. गण एका कडव्यात आटोपतो. मधली गाणी तेवढी उरतात.

म्हणजे यादीतला पहिला गैरसमज हळूहळू खरा होत चालला आहे. तमाशा म्हणजे लावणी, असं जे चूक होतं, तेच आता पुष्कळ जत्रांत प्रत्यक्ष दिसतं. वग लिहिणाऱ्याला मागणी नाही, म्हणून नवे वग नाहीत. वग नाही, म्हणून वगात उभा राहील असा नट तयार होत नाही. नट नाही, म्हणून गाणीच वाढतात. आणि जे उरलं ते पाहून लोक म्हणतात, तमाशात दुसरं होतंच काय?

फडमालकाला यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. तो गाव मागेल ते देतो. राहुटीत बसलेले कारभारी पहिला प्रश्न विचारतात तो ‘बाया किती आणि गाणी कोणती’ हा. त्याऐवजी ‘यंदा वग कोणता, आणि त्याला किती वेळ देता’ असं विचारणारी गावं वाढली, खेळ सातला सुरू करायची तयारी गावाने दाखवली, तर दहाच्या आतही वग बसू शकतो. पूर्वी मशालीच्या उजेडात चालणारा तमाशा आधी पेट्रोमॅक्सला जुळला, मग विजेला, मग माइकला. घड्याळालाही जुळेल. फक्त सुपारी देणाऱ्याने कशाची सुपारी देतोय, ते ठरवायला हवं.